धम्माची सुरुवात कुठून?
बायांनो, धम्म नव्यानं समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? १४ ऑक्टोबर १९५६ ला अमरावती-अकोल्याकडून नागपूरला दीक्षेला गेलेल्या आपल्या आज्याही नवख्याच होत्या. चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना पालीतून दीक्षा दिली. बाबासाहेबांनी मात्र लोकांना २२ प्रतिज्ञा मराठीतून दिल्या. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळलं, आपण काय सोडतो अन् काय धरतो. आम्हाला हेच मोठं वाटतं.

५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. खेड्यात तो कोण वाचणार? त्रिशरण-पंचशील ऐकून ऐकूनच पाठ झालं. आता वर्षावासाचे तीन महिने विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मराठीतून वाचतात. नव्या बाईनं तिथं येऊन बसावं, न कळलं ते विचारावं.