हरिहरेश्वर परिसरातील विखुरलेला वारसा : वस्तुसंग्रहालयांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

इतिहास विषयाच्या पदवी वर्गांना संग्रहालय-भेट हा उपक्रम बहुतेक महाविद्यालयांत वर्षातून एकदा घेतला जातो. श्रीवर्धन तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत या भेटीचा अर्थ ठरलेला असतो. पहाटे एस.टी. किंवा खासगी बस, सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास, दुपारी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, वेळ उरल्यास भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि रात्री उशिरा परत. क्वचित पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा रत्नागिरीचा थिबा राजवाडा. या सहलीतून विद्यार्थ्यांना काहीच मिळत नाही असे मुळीच नाही. मात्र 'इतिहास म्हणजे दुसऱ्या गावी, काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू' ही समजूत त्यातून नकळत पक्की होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. ज्या हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर हे विद्यार्थी लहानपणापासून चालत आले, तेथे पाहण्याजोगा इतिहास आहे असे त्यांना वाटत नाही. ही समजूत कशी तयार झाली आणि तिची काय किंमत या किनाऱ्याने मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथून गेलेल्या वस्तू

भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. विद्यार्थी त्याच्यासमोर छायाचित्रे काढून घेतात. हा हत्ती घारापुरीचा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचा. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून टाकण्यात आले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. म्हणजे परदेशी जाता जाता जी वस्तू फुटली ती मुंबईत राहिली. आपल्याच जिल्ह्यातील वस्तू पाहण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना मुंबईला नेतो, ही बाब बसमध्ये सांगितली की थोडा वेळ शांतता पसरते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील ब्रह्मा आणि महिषासुरमर्दिनी या मूर्तीही घारापुरीच्याच.

यामागील कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. वसाहतकाळात संग्रहालये उभी राहिली ती प्रशासनाच्या आणि व्यापाराच्या केंद्रांत. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. फोर्टमधील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी १९०५ साली झाली व ते १९२२ साली सुरू झाले. १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्हज यांनी केलेल्या पाहणीत संपूर्ण भारतात अवघी १०५ संग्रहालये नोंदली गेली. अशा स्थितीत कोकणच्या एका खाडीकाठच्या गावी संग्रहालय असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून श्रीवर्धन व हरिहरेश्वर हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. संस्थानाची राजधानी मुरूडला, नवाबांचा राजवाडा तेथेच. त्यामुळे ब्रिटिश मुलखातील पुरातत्त्वीय पाहण्यांत या भागाकडे जे लक्ष गेले, ते प्रामुख्याने लेण्यांकडे गेले.

कागदपत्रांचेही तसेच. पेशवे घराण्याचे मूळ श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथ भट यांच्या घराण्याकडे येथील देशमुखी होती आणि सिद्दीशी वितुष्ट आल्यावर ते देशावर गेले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. हरिहरेश्वर हे या घराण्याचे श्रद्धास्थान. मंदिराचा जीर्णोद्धार पहिल्या बाजीरावांनी १७२३ साली केला असे सांगितले जाते. परंतु या घराण्याच्या कारभाराचे दप्तर पुण्यात आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून पुढे काही वर्षांत त्यातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहेत. श्रीवर्धनला पेशवे स्मारक व बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. पुतळ्याला वंदन करता येते, पण त्यावरून अभ्यास करता येत नाही, एवढे नमूद करून पुढे जातो.

येथेच राहिलेल्या वस्तू

हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री व पुष्पाद्री अशा चार टेकड्यांनी वेढलेले हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. आधी कालभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, पुन्हा कालभैरवाचे, आणि नंतर ओहोटी असेल तर प्रदक्षिणा, हा येथील क्रम. कड्यातील पायऱ्या उतरून खाली आले की लाटांनी व खाऱ्या वाऱ्याने कोरलेला कातळ लागतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी त्याला जाळी पडलेली आहे. भूगोलाचे सहकारी ही जाळी दाखविण्यासाठी मुले घेऊन येतात. इतिहासाचे शिक्षक मात्र देवळाच्या दारातूनच परततात. यात आम्हीही आलो.

या परिसराचा सर्वांत जुना लेखी पुरावा राजपुरी खाडीच्या मुखापासून आत, मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत आहे. आज ही लेणी तळा तालुक्यात येतात. सव्वीस लेण्यांचा हा बौद्ध समूह साधारणपणे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला असून काही बुद्धमूर्ती नंतरच्या काळात कोरलेल्या आहेत. मांदाडच्या महाभोजांच्या घराण्याचा येथील लेखांत उल्लेख येतो. परंतु वर्गात विद्यार्थ्यांना जे भावते ते दात्यांचे व्यवसाय. लेणे देणारा कोणी माळी आहे, कोणी लोखंडाचा व्यापारी, कोणी वैद्य. राजांच्या यादीपलीकडचा समाज असा थेट नावानिशी समोर येतो, आणि तो काचेआड नसून त्याच दगडावर आहे जेथे त्याने तो कोरविला. लेण्यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे. तरीही श्रीवर्धनहून कुड्याला गेलेली शैक्षणिक सहल प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत एकही नव्हती.

लेखांबाबत आणखी एक गोष्ट. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा, असे वाचन डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी स्वीकारले. त्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या शकाच्या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मराठीच्या आद्य लेखांच्या चर्चेत अक्षीला टाळता येत नाही. असा हा दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, आणि तो मराठीतील आरंभीचा ताम्रपट मानला जातो. त्यातील व्यवहार सोन्याच्या ठेवीसंबंधीचा आहे. अकराव्या शतकात खाडीकाठच्या एका अग्रहारात सोने कोणाच्या हाती आहे हे तांब्यावर लिहून ठेवावेसे वाटले, साक्षीदारांच्या नावांसह. नोंदीचे हे भान पुढच्या घटनेच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दिवेआगरचा सुवर्णगणेश

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगर येथे एका बागेत खोदकाम करताना तांब्याची पेटी सापडली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा व काही अलंकार होते. मुखवट्याचे वजन एक किलोहून अधिक. तो गावातील गणेशमंदिरात ठेवण्यात आला आणि पाहता पाहता दिवेआगर हे महाराष्ट्रभर परिचित तीर्थ झाले. घराघरांतून राहण्याजेवणाच्या सोयी निघाल्या. सुपारी आणि नारळ यांच्या जोडीला पर्यटन आले. हरिहरेश्वरला येणारा प्रवासी दिवेआगर करूनच परतू लागला.

२४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिरावर हल्ला केला. दोन रखवालदारांचा त्यात खून झाला. मुखवटा चोरीस गेला व वितळविण्यात आला. पुढे आरोपी पकडले गेले, सोन्याचा काही भाग हस्तगत झाला आणि २०१७ साली न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावल्या. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी चतुर्थीस, नव्याने घडविलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली.

दोन माणसांचे प्राण गेले, याहून मोठे नुकसान कोणतेही नाही, हे प्रथम स्पष्टपणे म्हटले पाहिजे. श्रद्धेच्या अंगाने पाहता प्रतिष्ठापनेने खंड भरून निघाला, आणि त्याविषयी इतिहासाच्या शिक्षकाने काही बोलण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासाच्या अंगाने जे गेले ते परत आलेले नाही. धातूची किंमत वजनात असते. पुराव्याची किंमत घडणीत असते : पत्रा कसा ठोकला, सांधे कोठे आहेत, मुकुटाची धाटणी कोणती, सोन्यात भेसळ किती व कशाची. वितळल्यावर वजन उरते. काळ ठरविण्याची साधने मात्र उरत नाहीत. शिवाय ही वस्तू उत्खननात सापडलेली नव्हती. बागेतील खड्ड्यात ती किती खोल होती, पेटीभोवतीची माती कशी होती, सोबत खापरे होती काय, असे प्रश्न त्या वेळी विचारण्यासाठी तेथे कोणी प्रशिक्षित व्यक्ती असेलच असे नाही. कोणालाही दोष देण्याचा हेतू नाही. बाग खणणारा माणूस पुरातत्त्वज्ञ नसतो.

मात्र १९९७ ते २०१२ ही जवळजवळ पंधरा वर्षे मुखवटा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. भाविकांनी त्याची असंख्य छायाचित्रे घेतली. पोस्टकार्डे निघाली, दुकानांत तसबिरी लागल्या. जिल्ह्यातील इतिहासाच्या आम्हा शिक्षकांपैकी किती जणांनी देवस्थानची परवानगी मागून मोजपट्टी लावून एक पानभर वर्णन लिहिले? प्रस्तुत लेखक त्या काळात आधी विद्यार्थी होता व पुढे शिक्षक झाला. दर्शन अनेकदा घेतले, टिपण एकदाही केले नाही. या किनाऱ्यावर संग्रहालय नाही अशी तक्रार करताना ही कबुली आधी द्यावी लागते.

मंदिर की संग्रहालय ?

अशा घटनेनंतर 'मौल्यवान वस्तू संग्रहालयात हलवाव्यात' हा उपाय सहज सुचविला जातो. तो सर्वस्वी योग्य वाटत नाही. दिवेआगरच्या रूपनारायण मंदिरातील विष्णुमूर्ती पाहावी. प्रभावळीत दशावतार कोरलेली ही शिलाहारकालीन मूर्ती पूजेत आहे. तिला उचलून मुंबईच्या दालनात ठेवल्यास तिचे शिल्प म्हणून मोल कदाचित अधिक नीट सांगितले जाईल, पण गावाशी असलेला तिचा संबंध तुटेल, आणि तो संबंध हाही इतिहासाचा पुरावाच आहे. दुसऱ्या बाजूने, जे पूजेत आहे ते सुरक्षित आहे असेही मानता येत नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या शिळा पायाखाली जातात, भिंतींना चकचकीत फरश्या बसतात, वीरगळांवर शेंदराचे इतके थर चढतात की घोडा कोणता आणि स्वार कोणता हे कळेनासे होते. गद्धेगाळ अशुभ समजून शिवेबाहेर टाकण्याचे प्रकारही कोकणात घडतात.

१९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार सामान्यतः शंभर वर्षांवरील वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते या कक्षेत येतात. कायदा व्यापार व निर्यात रोखू पाहतो. त्याने वापरातली किंवा अडगळीतली वस्तू आपोआप वाचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर भागातील सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली, तेव्हा माळ्यावरची दप्तरेही भिजली. वादळानंतर एका विद्यार्थिनीने प्लास्टिकच्या पिशवीतून काही मोडी कागद आणले. बरेचसे एकमेकांस चिकटून लगदा झाले होते. वरच्या दोन कागदांवर बागेच्या हिश्श्यांचा मजकूर वाचता आला. उरलेल्यांचे काय होते हे आता त्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीवरच अवलंबून आहे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तीत समाजाच्या सहभागाला प्रथमच ठळक स्थान मिळाले. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकापासून 'परिसर-संग्रहालय' ही कल्पना रुजली आहे. वस्तू एका इमारतीत गोळा करण्याऐवजी संपूर्ण परिसर, तेथील घरे, कारागिरी व माणसे यांनाच संग्रह मानावे, असा तिचा आशय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय गावोगावी नेण्यास आरंभ केला. पाश्चात्त्य कल्पना जशीच्या तशी येथे आणावी असे नाही. आपल्याकडे यात्रेचा मार्ग हाच पूर्वीपासून पाहण्याचा क्रम ठरवीत आला आहे. कालभैरव, हरिहरेश्वर, श्रीवर्धनचे लक्ष्मीनारायण, दिवेआगरचे रूपनारायण, ही वाट भाविकांना पाठ आहे. त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी चार ओळींची विश्वसनीय माहिती आणि एक जबाबदार स्थानिक व्यक्ती असली, तर निम्मे संग्रहालय उभे राहिले असे म्हणता येईल. उरलेले निम्मे म्हणजे नोंदवही.

नोंदवहीचे काम

गेल्या काही वर्षांपासून पदवीच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही अशी नोंदवही भरून घेत आहोत. वस्तू कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, मापे किती, दगड की धातू की लाकूड, अवस्था कशी, गावात तिला काय म्हणतात व तिच्याविषयी काय सांगतात, एवढेच रकाने. दोन छायाचित्रे, त्यांपैकी एकात मोजपट्टी अनिवार्य. काळाचा रकाना विद्यार्थ्यांनी भरावयाचा नाही असा नियम सुरुवातीलाच केला, कारण पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक वस्तू 'शिवकालीन' किंवा 'पांडवकालीन' निघाली. देवस्थानांचे विश्वस्त आरंभी साशंक असतात. दिवेआगरनंतर ते स्वाभाविकही आहे. दागिन्यांची नोंद आम्ही मागत नाही, आणि छायाचित्रांची एक प्रत देवस्थानाकडेच ठेवतो, हे कळल्यावर बहुतेक दारे उघडतात. मौल्यवान वस्तूंची नोंद गोपनीय ठेवावी की नाही यावर आमच्या विभागात अजून एकमत नाही. छापलेली यादी अभ्यासकाला उपयोगी पडते तशी चोरालाही पडते, हा आक्षेप खोडून काढण्याजोगे उत्तर प्रस्तुत लेखकाजवळ नाही.

कामाचे वेळापत्रक समुद्राच्या हाती आहे. पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून तेथील नोंदी हिवाळ्यात, तिथी पाहून, ओहोटीच्या तासांतच घेतल्या जातात. श्रीवर्धन शहर व हरिहरेश्वर येथील पहिली फेरी झाली आहे. पुढील सत्रात बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून बाणकोटचा किल्ला आणि नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास येथे जाण्याचे योजले आहे. जिल्हा बदलला तरी खाडी एकच आहे, आणि त्या काठच्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी आपल्या बाजूच्या नोंदी याच रकान्यांत घेतल्यास दोन्ही वह्या जोडता येतील.