मेंदूतील पेशीरोपण : जगणे आणि जुळणे

प्रौढ मेंदूतील पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, हे मत वैद्यकशास्त्राने विसाव्या शतकाचा बहुतेक काळ धर्मवचनासारखे जपले. त्यामागे अधिकार होता तो १९०६ साली कामिलो गोल्जी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचा. हा कठोर निवाडा बदलायचा झाल्यास ते काम भावी विज्ञानाचे, असेही काहाल यांनी नोंदवून ठेवले होते. पक्षाघाताच्या रुग्णांच्या वाट्याला मात्र त्या निवाड्याचा पूर्वार्धच आला.

तसे पाहता रोपणाची धडपड काहाल यांच्या निवाड्याहूनही जुनी. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या गिल्मन थॉम्प्सन यांनी मांजराच्या मेंदूचा तुकडा कुत्र्याच्या मेंदूत बसवून पाहिला. १९१७ मध्ये एलिझाबेथ डन यांनी नवजात उंदरांत केलेल्या रोपणांपैकी मोजकीच जगली. १९८७ साली स्वीडनमधील लुंड येथे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भपेशी रोवण्यास सुरुवात झाली. परंतु कंपवातात मुख्यतः एका विशिष्ट प्रकारच्या पेशी नष्ट होतात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो तेव्हा त्या भागातील चेतापेशी, त्यांना आधार देणाऱ्या पेशी, तंतू, रक्तवाहिन्या असे सारेच कोलमडते. एका घराची वीज जाणे आणि अख्खी आळी जळून जाणे, एवढे हे अंतर आहे.

तरीही १९९८ मध्ये पिट्सबर्ग येथे डग्लस काँडझिओल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर हा प्रयोग आरंभला. बारा रुग्णांच्या मेंदूत सोडलेल्या त्या पेशींचे मूळ एका कर्करोगाच्या गाठीत होते. अ-जीवनसत्त्वाशी नाते सांगणाऱ्या रेटिनॉइक आम्लाच्या प्रक्रियेने त्या पेशी वाढणे थांबवून चेतापेशी बनत. पुढे एक रुग्ण रोपणानंतर सत्तावीस महिन्यांनी वारला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शवचिकित्सेत रोवलेल्या पेशी टिकल्याचे, आणि गाठ न झाल्याचे आढळले. पेशी जगतात, हे सिद्ध झाले. मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अठरा रुग्णांच्या पुढील चाचणीत मुख्य निकषावर लक्षणीय फरक दिसला नाही.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे. भाताचे रोप चिखलात उभे राहिले म्हणजे कोठार भरले असे नव्हे. पेशी जगणे वेगळे आणि तिने योग्य शेजाऱ्यांशी जुळून हात हलवणे वेगळे. २०१६ साली ग्लासगो येथील अकरा रुग्णांचा आणि स्टॅनफर्डच्या नेतृत्वाखालील चाचणीतील अठरा रुग्णांचा, असे दोन अहवाल प्रसिद्ध झाले. दोहोंत काही सुधारणा नोंदली गेली, पण तुलनेसाठी रोपणाविना ठेवलेला गट त्यांत नव्हता. स्टॅनफर्डमध्ये वापरलेल्या, अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या पेशी प्राण्यांच्या मेंदूत फार काळ टिकत नाहीत. त्यामुळे त्या स्वतः मेंदूचा भाग न होता, जाताना स्रवलेल्या द्रव्यांनी उरलेल्या मेंदूला चालना देत असाव्यात, असा तर्क पुढे आला. परंतु त्याच पेशींच्या मोठ्या चाचणीत काहींवर केवळ लुटुपुटीची शस्त्रक्रिया करून तुलना केली, तेव्हा २०१९ मध्ये मुख्य निकषावर फरक दिसला नसल्याचे जाहीर झाले. भारतात १२० रुग्णांना स्वतःच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देऊन झालेल्या चाचणीचा २०१४ मधील निष्कर्षही लाभ न झाल्याचाच होता.

हे निष्कर्ष निराशेसाठी मांडलेले नाहीत. अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाच्या घरी आशा हीच सर्वांत महाग वस्तू असते आणि तिचे दुकान मांडणारे पुष्कळ असतात. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांवरील मान्य उपचार वगळता मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ रीतसर चाचणीतच करावयाचा आहे. उपचार म्हणून तो विकावयाचा नाही. ज्याच्याकडे पैसे मागितले जातात, त्याने एवढेच विचारावे : तुमच्या पेशी जगल्या हे ठीक, त्या न दिलेल्या माणसापेक्षा माझा माणूस अधिक चालेल, हे कशावरून?