सव्वासहा फुटांची मर्यादा

साल १९३६. मृग लागलाय, पण ढग अमरावतीवर नुसतेच येऊन जाताहेत. पहाटेच्या अंधारात तुम्ही श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर अनवाणी उभे आहात. मातीवर नुकतंच पाणी शिंपडलंय. पलीकडे दोन पोरं मल्लखांबाला एरंडेल चोळताहेत, त्याचा जड वास इथपर्यंत येतो. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था यंदा आपला संघ बर्लिनला पाठवणार आहे. डॉ. सिद्धनाथ काणे संघाचे प्रमुख. ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगापुढे वऱ्हाडातली मुलं हुतूतू, खो-खो आणि मल्लखांब करून दाखवणार आहेत.

"काऊन जी, नवे दिसता," एक सडपातळ पोरगा विचारतो. "हुतूतू येते का?"

येते, असं तुम्ही सांगता. प्रो कबड्डीचे सामने तुम्ही टीव्हीवर मनापासून पाहिलेले आहेत. मध्यरेषा ओलांडता, दम सुरू करता आणि डोक्यात आपोआप उलटी गणती चालू होते: तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. समोरचे शांत उभे. कोणी पुढे सरकत नाही, कोणी घड्याळाकडे पाहत नाही. पंधरापर्यंत येता येता तुमचा आवाज फाटतो, दम तुटतो आणि सगळे एकदम अंगावर येतात. मुरमाने कोपर सोलून निघतं.

"दम हाये तवरक तिकडंच राहा लागते जी," पोरगा हसून सांगतो आणि स्वतः चढाईला निघतो. वजन जेमतेम सव्वा मण. दंडात काही नाही, मांडीत काही नाही. पण छाती पाहा. त्याचा "हुतूतू" एका संथ सुरात लागतो आणि तुटतच नाही. तो घाई करत नाही. इकडून तिकडे फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. पकडायला टपलेल्यांचाच धीर सुटतो; एक जण अधीर होऊन पाय पुढे टाकतो आणि बाद होतो.

आजच्या संघात हा पोरगा निवडला जाईल का? मला वाटतं, नाही. आज चढाई तीस सेकंदांची आहे. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा किंवा बाद व्हायचं. त्यामुळे एका झटक्यात सुटणारं शरीर लागतं. परदीप नरवालची डुबकी आठवा: साखळी धरून आलेल्या दोघांच्या हातांखालून तो मॅटवर जवळजवळ सरपटत निसटतो. प्रो कबड्डीत त्याचे चढाईचे गुण १,७०० च्या वर आहेत. त्याला या मुरमावर आणा. दोन डुबक्यांत छाती-पोट सोलून निघेल आणि तिसरी तो मारणार नाही. आणि या पोराला मॅटवर न्या. त्याची सारी कमाई, तो न तुटणारा दम, तिसाव्या सेकंदाला पंचाच्या शिटीने संपेल.

कोण मोठा, हा वाद तुम्ही पुष्कळ ऐकला असेल. त्या वादाला माझं उत्तर इथून सुरू होतं. नियम आधी खेळाडू निवडतो, खेळाडू नंतर खेळ जिंकतो. म्हणून दोन काळांची तुलना करताना मी आधी हे पाहतो, की त्या त्या काळाने कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं.

चला. अमरावतीहून बडनेऱ्याला या, तिथे गाडी बदला. मूर्तिजापूर जातं, दोन्ही बाजूंना पेरणीची वाट पाहणारी काळी वावरं जातात, मग अकोला येतं. फलाटावर मातीच्या सुरईतलं पाणी प्या आणि गाडीत परत बसा. इथे आपल्याला उतरायचं आहे, पण नव्वद वर्षांनी.

आता त्या संघामागोमाग पुढे: १४ ऑगस्ट १९३६. बर्लिन. पाऊस कोसळतोय. शहरभर स्वस्तिकाचे झेंडे भिजून काठ्यांना चिकटलेत. पुरुषांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलंय आणि आज अंतिम सामना आहे, अमेरिका विरुद्ध कॅनडा. छप्पर नाही. टेनिससाठी केलेलं माती-वाळूचं कोर्ट, त्यावर चिखलाची डबकी. बघ्यांना बसायला जागा नाही; तुम्हीही इतरांसारखे पावसात उभे आहात. या गर्दीत कुठेतरी ७४ वर्षांचे जेम्स नेस्मिथ आहेत. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हिवाळ्यात पोरांना गुंतवायचं म्हणून त्यांनी पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. त्या तेरांत चेंडू घेऊन धावायला मनाई होती आणि चेंडू आपटत नेण्याचं, म्हणजे ड्रिबलचं, नावही नव्हतं.

सामना सुरू होतो. मध्यंतराला १५–४. शेवटी १९–८. चाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून सत्तावीस गुण.

तुमच्या मनात येतं ते मला कळतं. आजच्या एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, एकेका संघाचे शंभराहून जास्त गुण होतात, तेव्हा हे लोक कसले खेळाडू? मग बाजूला आलेला चेंडू एकदा हातात घ्या. चामड्याने पाणी प्यायलंय, चेंडू दगडासारखा जड झालाय. जमिनीवर आपटून पाहा. तो उसळत नाही, चिखलात रुतून बसतो. ड्रिबल नाही म्हणजे क्रॉसओव्हर नाही, स्टेप-बॅक नाही, धावत जाऊन केलेला ले-अप नाही. आज आपण ज्याला कौशल्य म्हणतो त्यातलं निम्म्याहून जास्त या चेंडूनेच काढून घेतलंय. उरतो तो पास, उरते ती उंची. अमेरिकेचा सेंटर जो फोर्टनबेरी साधारण सहा फूट आठ इंचांचा आहे. त्याच्या देशातल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बास्केटनंतर चेंडू परत मध्यवर्तुळात उडवायचा असतो. ज्याच्याकडे सर्वांत उंच माणूस, त्याच्याकडे बहुधा पुन्हा चेंडू. पुढच्याच वर्षी अमेरिकी कॉलेजांनी हा नियम काढला आणि नुसत्या उंचीची किंमत एका हंगामात घसरली.

याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली आणि मला ती अंतिम सामन्याहून महत्त्वाची वाटते. सव्वासहा फुटांपेक्षा उंच खेळाडूंना बंदी, असा ठराव आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने केला होता. अमेरिकेचे तिघे जण त्यात बाद झाले असते. अमेरिकेने हरकत घेतली आणि ठराव मागे गेला. तो टिकला असता तर बिल रसेल, मायकेल जॉर्डन, लेब्रॉन जेम्स यांतलं एकही नाव ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये दिसलं नसतं. ठरावाचा एक कागद, आणि पाऊण शतकाचे महान खेळाडू प्रेक्षकांत बसले असते.

याच पावसाने आज हॉकीचा अंतिम सामना उद्यावर ढकललाय. उद्या, १५ ऑगस्टला, ध्यानचंद यांचा संघ जर्मनीला ८–१ हरवेल. गवतावरची ती हॉकी मनगटाची होती. १९७६ मध्ये माँट्रिऑलला कृत्रिम हिरवळ आली, चेंडू वेगाने पळू लागला आणि हॉकी फुप्फुसांची झाली. नव्या मैदानाने नवे खेळाडू मागितले आणि तसं मैदान आपल्याकडे वेळेवर पोचलं नाही.

अकरा दिवस मागे सरका. जेसी ओवेन्स कोळशाच्या कचीच्या धावपट्टीवर वाकून लहानशा खुरप्याने पाय रोवायला खळगे करतोय. स्टार्टिंग ब्लॉक ऑलिंपिकमध्ये अजून यायचे आहेत. शंभर मीटर, १०.३ सेकंद. याच स्टेडियममध्ये २००९ साली निळ्या रबरी धावपट्टीवर उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत धावेल. या फरकातलं किती बोल्टचं आणि किती रबराचं? मला स्वतःला खात्री आहे की बोल्ट अधिक वेगवान होता. पण सगळा फरक त्याच्या नावावर लिहायला मी तयार नाही.

आणि उंच उडीच्या मैदानाकडे पाहा. ग्रेटेल बर्गमन तिथे नाही. जूनमध्ये तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती. ती ज्यू होती, म्हणून तिला संघातून वगळलं. विक्रमांची जुनी पुस्तकं उघडताना ही रिकामी जागा डोळ्यांपुढे ठेवा. तेव्हाचे विजेते फक्त त्यांच्याविरुद्ध जिंकले, ज्यांना उतरू दिलं गेलं. अमेरिकेच्या त्या बास्केटबॉल संघातही एकही काळा खेळाडू नव्हता. एनबीएत पहिले काळे खेळाडू उतरले ते १९५० च्या हंगामात. बायकांना ऑलिंपिक बास्केटबॉलसाठी १९७६ पर्यंत थांबावं लागलं.

त्या १९५० मध्येच एक रात्र काढू. २२ नोव्हेंबर, मिनियापोलिस. लेकर्सकडे जॉर्ज मायकन आहे, सहा फूट दहा इंच, त्याला रोखायचं कसं ते कुणालाच कळत नाही. फोर्ट वेनच्या पिस्टन्सनी उपाय शोधलाय: चेंडू हातात धरून उभं राहायचं. मिनिटामागून मिनिट जातं. प्रेक्षक ओरडतात, पाय आपटतात. पिस्टन्स १९–१८ ने जिंकतात. त्या अठरांतले पंधरा गुण एकट्या मायकनचे. त्याला आवरण्यासाठी पुढच्या वर्षी बास्केटखालची पट्टी सहा फुटांची बारा फूट केली गेली आणि चेंडू धरून बसणं थांबवायला १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. एका माणसाने नियम बदलायला लावावा, याहून मोठी पावती मला माहीत नाही. म्हणून आजचा कोणताही सेंटर मायकनला लोळवेल हे मला मान्य असूनही मी त्याला वरच्याच पंगतीत बसवतो.

आता परत या. अमरावती, आजची संध्याकाळ. दिव्यांखाली बास्केटबॉलचं कोर्ट. खेळ थांबलाय, वाद रंगलाय.

"जॉर्डन आज असता तं याहीले उभं राहू देलं नसतं."

"काही बोलतं का बे? करीसारखा लांबून टाकून दाखवला असता का त्यानं?"

तुम्ही मध्ये पडा. लॅरी बर्डने तेरा हंगामांत ६४९ तीन गुणांच्या बास्केट केल्या. स्टीफन करीने २०१५–१६ च्या एकाच हंगामात ४०२. करी बर्डपेक्षा इतका पुढे आहे का? तीन गुणांची ती रेषा एनबीएत १९७९ मध्ये आली, बर्डच्या पहिल्याच वर्षी. तिथून टाकणं हा तेव्हा शौक समजला जाई. करी लहानपणापासून त्या रेषेमागे वाढला. आपल्या नागपाड्याच्या अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही रेषा १९८४ ला आली, तोवर त्यांचा काळ सरला होता. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये मात्र त्याच रेषेसह खेळ शिकली. लांबून टाकलेली बास्केट अब्बास यांना दोनच गुण देई, शिरीनला तीन. मग दोघांच्या आकड्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून काय कळणार?

तरी मी गोल बोलून वाद मिटवणार नाही. आजचे खेळाडू सरासरीने सरस आहेत. ते जास्त मोठ्या जगातून निवडलेले आहेत, जास्त लवकर शिकलेले आहेत, दुखऱ्या गुडघ्यावर त्यांना उपचार मिळतो. पण एखाद्या माणसाचं मोठेपण मी त्याच्या काळातल्या इतरांपेक्षा तो किती पुढे गेला, यावर मोजतो. आणि तो काळ जितक्यांना आत घेत होता, तितकाच त्या मोजमापाला अर्थ आहे. म्हणून मायकन मोठा, करी त्याहून मोठा. खेळात चार-पाच वेळा सगळं बदललं, तरी सगळ्याच काळांच्या संघांत नुसत्या खेळाच्या जोरावर ज्यांना जागा मिळाली असती असे थोडे, जॉर्डन त्यांतला.

शेवटची गाडी अकोल्याची. अकोला बॉक्सिंगचं गाव आहे. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं इथे ठोसे मारायला शिकतात. सामन्याआधी पोरगा काट्यावर चढतो. अंगावर फक्त चड्डी, ओठ सुकलेले, नजर आकड्यावर. काटा ठरलेल्या आकड्याखाली थांबला की त्याची लढत त्याच्याच वजनाच्या पोराशी. लहान चणीच्या मुलाला इथे कोणी घरी जा म्हणत नाही. त्याच्यासाठी वेगळी पदकं ठेवलेली आहेत. उंच-धिप्पाडांना कोणी हाकललेलंही नाही. १९३६ च्या ठरावाने जे माणसं काढून साधायचं ठरवलं होतं, ते बॉक्सिंगने गट वाढवून साधलंय.

बास्केटबॉलची रिंग सगळ्यांना सारखीच, ३.०५ मीटर. वऱ्हाडातला पाच फूट पाच इंचांचा मुलगा नववीत हौसेने चेंडू हातात घेतो आणि अकरावीत सोडून देतो. अमरावती आणि अकोल्याच्या शाळांनी मिळून साडेपाच फुटांखालच्या मुलामुलींची स्पर्धा भरवावी. खुली स्पर्धा आहे तशी राहू द्या. कोर्ट तेच, चेंडू तोच, पंच तेच. दाराशी फक्त उंची मोजायची एक पट्टी लागेल. पहिल्या वर्षी आठ संघ आले तरी पुरे.