सॉकर (फुटबॉलचे पर्यायी नाव)

असोसिएशन फुटबॉल या खेळाचे इंग्रजीतील दुसरे नाव. ते अमेरिकनांनी काढले, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. शब्द अस्सल इंग्लंडचा. 1863 मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन नियम ठरले. चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या रग्बी फुटबॉलपासून (संघटना 1871) वेगळेपणा दाखवण्यासाठी पहिल्या खेळाला ‘असोसिएशन फुटबॉल’ म्हणू लागले. शब्द आखडून त्याला ‘अर’ जोडण्याची ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना भारी हौस. त्यांनी रग्बीचे ‘रगर’ केले, तर ‘असोसिएशन’मधल्या ‘सॉक’चे ‘सॉकर’. याचे श्रेय चार्ल्स रेफर्ड-ब्राउन या खेळाडूला देणारा किस्सा रंगतदार आहे, विश्वसनीय नाही.

पुढे ज्या देशात जो खेळ रुजला, त्याने ‘फुटबॉल’ हे नाव बळकावले. अमेरिका व कॅनडात स्वतंत्र फुटबॉल होते, ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे 1859 चे नियम, आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल. तिथे सॉकर हा शब्द सोयीचा ठरला. अमेरिकी महासंघाच्या नावात तो 1945 मध्ये आला आणि ‘फुटबॉल’ 1974 मध्ये गळले. ब्रिटनमध्येही तो दीर्घकाळ बिनदिक्कत चाले: 1960 मध्ये लंडनहून निघालेल्या मासिकाचे नाव ‘वर्ल्ड सॉकर’ होते. त्याविषयीची नाराजी अलीकडची आणि बरीचशी अमेरिकाविरोधातून आलेली दिसते. ऑस्ट्रेलियाच्या महासंघाने 2005 मध्ये ‘फुटबॉल’ स्वीकारले. राष्ट्रीय पुरुष संघ मात्र आजही ‘सॉकरूज’ म्हणूनच ओळखला जातो.