वेबपेजचा विसराळूपणा

आज झाशीहून जरा वेगळा इतिहास सांगतो.

2005 च्या सुमारास, इथल्या छावणीत असताना, हौसेनं एएसपी डॉट नेट शिकून मी सैनिकांच्या कुटुंबांसाठी एक फॉर्म केला. अपत्यांची संख्या लिहून बटण दाबलं की तेवढ्या चौकटी उमटत. एका दिवंगत जवानाच्या पत्नीनं तीन मुलांची नावं भरली, 'जतन करा' दाबलं आणि तिन्ही चौकटी गायब! "पुन्हा लिहू का, साहेब?" त्यांनी विचारलं. मला खजील झाल्यासारखं झालं.

चूक माझीच होती, पण तिचं मूळ जुनं आहे. सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारलं, ते कागदपत्रं वाचण्यासाठी. पान मागा, पान घ्या, संबंध संपला. सर्व्हरनं काही लक्षात ठेवायचं नाही. पुढे वेबवर दुकानं आली, तेव्हा हे अडू लागलं. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एएसपी डॉट नेटमध्ये व्ह्यूस्टेट दिलं: पानाची स्थिती पानातच एका लपलेल्या रकान्यात भरायची. ती ब्राउझरकडे जाते आणि प्रत्येक क्लिकबरोबर परत येते.

आमच्या भाषेत सांगतो. पहारेकरी बदलला की नवा माणूस नोंदवही बघून काम करतो. इथं प्रत्येक क्लिकला पहारेकरी बदलतो आणि नोंदवही पाहुण्याच्याच हाती असते.

मग माझं काय चुकलं? क्लिकबरोबर मजकूर परत येतो, चौकटी येत नाहीत. सर्व्हर पान दर वेळी नव्यानं घडवतो. माझ्या चौकटी पहिल्या बटणाच्या कोडमध्ये उभ्या राहत होत्या. 'जतन करा' दाबल्यावर तो कोड चाललाच नाही, म्हणून आलेल्या नावांना बसायला जागा नव्हती.

उपाय सोपा निघाला. चौकटींची संख्या व्ह्यूस्टेटमध्ये ठेवायची आणि दर वेळी पान लोड होताना तेवढ्या चौकटी पुन्हा उभ्या करायच्या. आयडी तेच, क्रम तोच.

व्ह्यूस्टेट फुगलं की पानं जड होत. 2016 च्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वेब फॉर्म्स घेतलेच नाहीत. धडा मात्र टिकला: नोंद जपली तरी ती ठेवायची जागा आपणच पुन्हा उभारायची.

त्या बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी तिन्ही नावं जतन झाली. मी स्वतः मोजली.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.