थ्रेड : मजले, भाडे आणि १ सप्टेंबर १९४०

नगरच्या कापडबाजारात खरी किंमत तळमजल्याची. जिना चढायला गिऱ्हाईक तयार नसते, म्हणून वर राहते घर किंवा गोदाम. जगभर हीच रीत होती. १८७० साली न्यूयॉर्कच्या इक्विटेबल इमारतीत कार्यालयांसाठी लिफ्ट आली आणि ही उतरंड उलटली; उजेड आणि दृश्य यांचेच भाडे मिळू लागले.

मग उंच जायचे तरी किती? १९३० साली क्लार्क आणि किंग्स्टन यांनी न्यूयॉर्कमधील एका महागड्या भूखंडाचा हिशेब मांडला. ६३ मजल्यांपर्यंत गुंतवणुकीवरचा परतावा वाढतो, त्यापुढे घटतो. कारण लिफ्ट आणि खांब भाड्याची जागाच खाऊ लागतात. जमीन जितकी महाग, तितकी किफायतशीर उंची अधिक. नगरसारख्या ऐसपैस शहराला वर जाण्यापेक्षा आडवे पसरणे परवडते, ते याच हिशेबाने.

मुंबईची गोष्ट वेगळी. समुद्र हटवून नरिमन पॉइंट उभा राहिला. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ची. १९९५च्या सुमारास येथील भाडी जगातील सर्वांत महागड्यांत गणली जात. याचे श्रेय केवळ जमिनीच्या टंचाईला देणे मला पटत नाही.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले. हेतू भाडेकरूच्या संरक्षणाचा, आणि युद्धोत्तर टंचाईत तो रास्तही होता. परंतु पन्नास वर्षे तोच आकडा! फोर्टमधील जुना भाडेकरू जागा सोडेना, मालक डागडुजी करेना. व्यवहार पागडीने, बहुधा कागदाबाहेर. नव्या कंपनीला उरत ते मोजके नवे मनोरे, आणि त्यांवरही चटईक्षेत्राची मर्यादा. एका बाजूला गोठलेले भाडे, दुसऱ्या बाजूला भडकलेले. दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच.

सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे अवाजवी ठरवल्यावर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. वर्षाला ४ टक्के वाढ मान्य झाली. बँका आणि १ कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या गेल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने नरिमन पॉइंटचे भाडेकरू ओढले. एअर इंडियाची इमारत राज्य शासनाने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये केंद्राने त्याला संमती दिली.

हाच कायदा नगरलाही आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावर, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, जुन्या दुकानदाराचे भाडे कायदा ठरवतो आणि शेजारच्या बँकेचे बाजार.