देह परत न आलेले

बेळगावात आपण मराठा रेजिमेंटचा बँड ऐकत वाढलो, पण समुद्रापलीकडेच राहिलेले आपले जवान क्वचितच आठवतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, वय अवघे २२. तुकडीतले बाकी सारे ठार वा जखमी. ते एकटेच मशीनगनवर धावले. मॅगझीन बदलायलाही वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या तडाख्यांनीच लोळवले. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण कबर ठाऊक नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नुसते नाव. मॉन्टोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले.

बाप्पा गेले की पितृपक्ष लागतो. आपल्या काही घरांत गणवेशातल्या फोटोपुढे पान ठेवतात, तिथी ठाऊक नसली तर सर्वपित्री अमावास्येला.